हुलीचें शास्त्र आणि हुलीचें वाङ्मय

पत्त्यांच्या खेळावरील ग्रंथांचें परीक्षण वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत कशासाठीं, असा प्रश्न एखादा सुज्ञ वाचक विचारील, तर तो अप्रस्तुत आहे असें म्हणतां येणार नाहीं. ब्रिजवर ग्रंथ आहेत, बुद्धिबळावर तर ग्रंथालयें भरतील इतके आहेत. त्यांची चर्चा त्या त्या खेळाच्या शौकिनांनीं करावी हेंच योग्य. परंतु अमेरिकेंत वाढलेल्या पोकर या खेळाची गोष्ट थोडी निराळी आहे. या खेळाभोंवतीं गेल्या ऐंशी वर्षांत जें लेखन झालें, त्याचा खरा विषय पत्ते हा नाहींच. एक मनुष्य तोंडानें अक्षरही न बोलतां दुसऱ्यास एक खोटी हकीकत सांगतो, आणि तो दुसरा तिजवर विश्वास ठेवून हातची जिंकलेली बाजी सोडून देतो, हें कसें घडतें, हा त्या लेखनाचा विषय आहे. हकीकत रचणें आणि ती पटविणें हा व्यवहार वाङ्मयाच्या अगदीं शेजारचा असल्यामुळें त्याची दखल येथें घेण्यास हरकत नसावी.

इंग्रजींत ज्यास ब्लफ म्हणतात, त्यास मराठींत ‘हूल’ हा नेमका शब्द आहे. हुतूतूच्या मैदानावर पोरें हूल देतात, आणि युद्धांत सेनापतीही देतात. हूल म्हणजे थाप नव्हे आणि फसवणूकही नव्हे. जिकडे जावयाचें नाहीं तिकडे पाऊल उचलल्याचा भास करणें, एवढाच तिचा अर्थ. हा भेद प्रथमच ध्यानांत घेतला पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन त्याच्यावर उभें आहे.

ज्यांनीं दिवाळींत घरच्या घरीं तीन पत्तीचा डाव मांडला असेल, त्यांस पोकरची रचना निराळी सांगावी लागणार नाहीं. प्रत्येकाचीं कांहीं पानें झाकलेलीं असतात, पैजेच्या फेऱ्या होतात, आणि शेवटीं ज्याचीं पानें सरस तो मधली रक्कम उचलतो. परंतु ती उचलण्याची दुसरीही एक वाट आहे. पैज वाढली म्हणून बाकीच्यांनीं पानें टाकलीं, तर उरलेला एकटा खेळाडू आपलीं पानें न दाखवितांच रक्कम घेऊन जातो. ही दुसरी वाट नसती तर पोकर हा केवळ नशिबाचा खेळ झाला असता.

आपल्या जुन्या वाङ्मयांत द्यूत पुष्कळ आहे. सभापर्वांत आहे, नलाच्या आख्यानांत आहे, शूद्रकाच्या मृच्छकटिकांत तर कर्जापायीं पळणारा आणि पुढें भिक्षु होणारा संवाहक हें एक अविस्मरणीय पात्रच आहे. परंतु या सर्व ठिकाणीं फांसे उघड्यावर पडतात. तेथें दैव आहे, व्यसन आहे, शकुनीचें कपटही आहे; नाहीं ती हूल, कारण झांकलेलें पान नाहीं. शकुनि खेळाचा नियमच पोखरतो. हूल देणारा नियम पाळूनच खेळतो, आणि समोरच्यासही तोच अधिकार असल्याचें मान्य करतो. द्यूताविषयींचा आपला सारा नैतिक विचार फांशांवरून घडलेला असल्यामुळें हा तिसरा प्रकार आपल्याकडे विचाराबाहेर राहिला, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

आतां ग्रंथांकडे वळूं. या वाङ्मयांतील सर्वांत वाचनीय पुस्तक हर्बर्ट यार्डली यांचें. गुप्त लिपि उलगडणारे तज्ज्ञ म्हणून त्यांनीं अमेरिकेच्या सरकारची व नंतर चीनमध्यें चियांग कै-शेक यांच्या राजवटीची चाकरी केली. पोकरच्या खेळाडूचें शिक्षण कसें झालें हें सांगणारें त्यांचें पुस्तक १९५७ सालीं निघालें. इंडियाना प्रांतांतील लहान गांवाचा मद्याचा अड्डा आणि युद्धकालीन चीन या दोन पार्श्वभूमींवर ते गोष्टी सांगतात, आणि गोष्टींच्या मधून खेळाचे नियम देतात. गोष्टी रंगतदार आहेत. नियम मात्र आश्चर्य वाटावें इतके सोवळे आहेत. चांगलीं पानें नसतील तर टाका, वाट पाहा, दुसऱ्याच्या उतावीळपणावर जगा, हा त्यांचा उपदेश. यार्डली मनुष्यस्वभावाचे उत्तम चित्रकार आहेत आणि त्यांच्या लेखी हूल ही स्वभावाच्या परीक्षेची गोष्ट आहे: समोरचा भित्रा आहे कीं हट्टी, हें ओळखा. हें खरेंच आहे. परंतु अपुरें आहे. समोरचाही तुमचा स्वभाव ओळखीत असतो. जो केवळ चांगल्या पानांवरच पैज लावतो, त्याची पैज म्हणजे उघडें पानच. शहाणे लोक त्याच्यासमोर मुकाट्यानें पानें टाकतील, आणि त्याला क्वचित् मिळालेलीं उत्तम पानें रिकाम्या हातानें परततील.

या अडचणीचें उत्तर यार्डलींच्याही आधीं तेरा वर्षें एका अत्यंत अवघड ग्रंथांत देण्यांत आलें होतें. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांचा खेळांचा सिद्धांत व आर्थिक व्यवहार यांवरील ग्रंथ १९४४ सालीं प्रिन्स्टन येथून प्रसिद्ध झाला. त्यांत पोकरला एक स्वतंत्र विभाग दिलेला आहे. सामान्य वाचकास त्यांतील गणित झेपणार नाहीं. परंतु त्याचें सार एका लहानशा उदाहरणांत मावतें, आणि तें समजून घेण्यासारखें आहे.

समजा, खेळाडू दोघेच आहेत. प्रत्येकानें एकेक रुपया मध्यें टाकला. प्रत्येकास शून्य आणि एक यांच्या दरम्यानचा एकेक अंक गुप्तपणें मिळाला. मोठा अंक तो सरस. पहिल्यानें एक तर अंक उघड करून निकाल लावावा, नाहीं तर दोन रुपयांची पैज लावावी. पैज लागली तर दुसऱ्यानें ती स्वीकारावी किंवा डाव सोडावा. आतां पहिल्यानें कोणत्या अंकांवर पैज लावावी? संभाव्य अंकांचे नऊ सारखे भाग केले, तर उत्तर असें निघतें: सर्वांत वरच्या दोन भागांवर पैज लावावी, आणि सर्वांत खालच्या एका भागावरही लावावी, मधले सहा भाग मुकाट्यानें उघडे करावे. दुसऱ्यानें आपला अंक वरच्या चार भागांत असेल तरच पैज स्वीकारावी.

या उत्तरांत दोन गोष्टी मनास धक्का देतात. पहिली ही कीं, हूल द्यावयाची ती मध्यम पानांवर नव्हे, सर्वांत वाईट पानांवर. नवशिक्याची बुद्धि उलट सांगते: पानें थोडीं बरीं आहेत, तेवढ्या आधारावर धाडस करूं. परंतु मध्यम पानांना स्वतःची कांहीं किंमत असते. निकाल उघड झाला तर तीं अनेकदां जिंकतात. त्यांवर पैज लावली तर कमकुवत प्रतिस्पर्धी निघून जातो आणि बळकट तेवढा उरतो. म्हणजे स्वतःच्या हातानें स्वतःचा तोटा. उलट अगदीं निकामी पानांना गमावण्यासारखें कांहीं नसतें.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. येथें दोन खऱ्या पैजांमागें एक हूल आहे. हें प्रमाण आलें कोठून? पैज स्वीकारणारा दोन रुपये घालून चार जिंकण्याची आशा करतो. तीन वेळां पैज लागली, त्यांपैकीं एकदां ती पोकळ निघाली, तर तो दोन वेळां दोन-दोन रुपये हरतो व एकदां चार जिंकतो, हिशेब बरोबरीचा. हुली याहून अधिक झाल्या तर तो प्रत्येक पैज स्वीकारून नफा मिळवील. कमी झाल्या तर प्रत्येक वेळीं पानें टाकून सुरक्षित राहील. पैज लहान केली, तर हुलीही कमी कराव्या लागतात: मधल्या रकमेच्या निम्मी पैज असेल तर तीन खऱ्या पैजांमागें एकच हूल परवडते. म्हणजे हूल ही लहर नव्हे, तो एक मोजून करावयाचा खर्च आहे. ती पकडली गेली तरी तो खर्च वायां जात नाहीं. कारण ती पकडली गेल्यामुळेंच पुढच्या खऱ्या पैजेला कोणी तरी मोबदला देतो. हूल कधींच पकडली न जाणारा खेळाडू फार कुशल असतो असें नव्हे. बहुधा तो फार कमी हुली देत असतो.

फॉन नॉयमन यांचें हें दर्शन आमच्या मतें या विषयांतील सर्वांत मोठें. तथापि त्यांतही एक उणीव आहे. गणितांतील खेळाडूंना भूतकाळ नाहीं, आणि पान एकदांच वांटलें जातें. प्रत्यक्ष डावांत पानें क्रमानें उघडतात, आणि प्रत्येक पैज मागील पैजेशीं जुळावी लागते. हा दुवा डेव्हिड स्क्लान्स्की यांच्या पोकरच्या सिद्धांतावरील पुस्तकांत सांपडतो. त्याची प्रचलित आवृत्ति १९८७ सालची. गद्य रुक्ष, उदाहरणें एकसुरी. तरीही विचार स्वच्छ. ज्या पानांवर आज पैज खरी ठरणार नाहीं, परंतु पुढील पानानें तीं बळकट होण्याचा संभव आहे, अशा पानांवरील पैजेस त्यांनीं अर्धी हूल असें नांव दिलें. तिच्यांत जिंकण्याच्या दोन वाटा असतात: समोरचा पानें टाकील, किंवा हवें तें पान येईल. शिवाय केव्हां हूल द्यावी हें आपल्या मनानें न ठरवितां, हातांतील अमुक पान आलें तर द्यावी असा संकेत आधींच ठरवून ठेवावा, असेंही ते सुचवितात. आपल्या मनाचा कल समोरच्यास वाचतां येऊं नये म्हणून निर्णय दैवाच्या स्वाधीन करणें, ही युक्ति विलक्षण आहे.

या सिद्धांतांची कसोटी पाहण्यास एक प्रसिद्ध डाव पुरेसा आहे. २००३ सालीं लास व्हेगास येथील पोकरच्या जागतिक स्पर्धेंत शेवटीं दोघेच उरले: टेनेसीचे हिशेबनीस क्रिस मनीमेकर, जे संगणकावरील लहानशा प्रवेशस्पर्धेंतून तेथवर आले होते, आणि मुरलेले व्यावसायिक खेळाडू सॅम फार्हा. मनीमेकर यांच्या हातीं इस्पिकचा राजा व बदामची सत्ती. फार्हा यांच्या हातीं इस्पिकची राणी व बदामची नव्वी. मध्यें उघडीं पडलीं तीं इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की, मग इस्पिकची अठ्ठी, आणि शेवटीं बदामची तिर्री. फार्हा यांची नव्व्यांची जोडी वरचढ होती. मनीमेकर यांच्याजवळ कांहींही जुळलें नव्हतें. तरी त्यांनीं सर्व रक्कम डावावर लावली. फार्हा यांनीं पुष्कळ विचार केला, तुमचा रंग जुळला नसावा असा तर्कही बोलून दाखविला, आणि तरीही पानें टाकलीं. स्पर्धा मनीमेकर यांनीं जिंकली. बक्षीस २५ लाख डॉलर होतें.

ही हूल फळली ती चेहऱ्याच्या बळावर नव्हे. अठ्ठी पडल्यावर टेबलावर तीन इस्पिक झालीं, आणि तेव्हांच मनीमेकर यांनीं पैज वाढविली होती. त्यांच्या हातीं इस्पिकचा राजा असल्यामुळें आणखी एक इस्पिक आलें असतें तर रंग जुळला असता, पंजी किंवा दश्शी आली असती तर ओळ जुळली असती. ती अर्धी हूल होती. शेवटचें पान निरुपयोगी पडल्यावर ती पूर्ण हूल झाली. परंतु सांगितलेली हकीकत पहिल्यापासून एकच राहिली: माझा रंग केव्हांच जुळला आहे. शिवाय इस्पिकचा राजा आपल्याच हातीं असल्यामुळें समोरच्याजवळ राजाचा रंग असणें शक्य नव्हतें. आणि सर्वांत महत्त्वाचें, समोरचा खेळाडू विचार करून पानें टाकूं शकणारा होता. अडाण्याला हूल देणें व्यर्थ, कारण तो हकीकत ऐकतच नाहीं. ज्याला वाचतां येतें त्यालाच कथा सांगावी. हूल यशस्वी होण्याची सामग्री एवढीच: आरंभापासून सुसंगत हकीकत, तिला शोभेल अशी रक्कम, तिच्या विरुद्ध शक्यता कमी करणारीं आपलीं पानें, आणि ती समजण्याइतका शहाणा श्रोता.

असें असतां कथालेखक व चित्रपटकार हुलीचें वर्णन नेहमीं निर्विकार मुखमुद्रेच्या रूपानें कां करतात? येथें एक गमतीची गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. १९६५ चा ‘द सिनसिनाटी किड’ आणि २००६ चा ‘कॅसिनो रॉयल’ हे पोकरचे दोन गाजलेले चित्रपट. दोहोंतही अखेरचा निर्णायक डाव हुलीनें जिंकला जात नाहीं. तो एकाच रंगाच्या क्रमवार पांच पानांनीं, म्हणजे अत्यंत दुर्मिळ अशा सुदैवानें जिंकला जातो. चित्रपट खेळाडूच्या मनोधैर्याचे पोवाडे गातात, परंतु कळसाच्या क्षणीं त्यावर भरंवसा ठेवीत नाहींत. याचें कारण वाङ्मयीन आहे. यशस्वी हूल अदृश्य असते. समोरचा पानें टाकतो, आपलीं पानें कोणी पाहत नाहीं, आणि घडलें तें कांहींच नाहीं असें वाटतें. नाट्याला हवें असतें पान उलटण्याचें. हुलीचें सार पान न उलटण्यांत आहे. म्हणून हा विषय रंगभूमीपेक्षां चिंतनपर गद्याला अधिक मानवतो.

अशा गद्याचा अलीकडील चांगला नमुना म्हणजे मारिया कोनिकोव्हा यांचें २०२० सालचें पुस्तक. त्या कोलंबिया विद्यापीठांतून मानसशास्त्रांत पदवी घेतलेल्या विदुषी. पत्त्यांच्या जोडांत पानें किती हेंही ज्यांस ठाऊक नव्हतें, अशा त्यांनीं एरिक साइडेल या नामांकित खेळाडूचें शिष्यत्व पत्करलें, आणि २०१८ सालीं एका स्पर्धेंत ८४,६०० डॉलरचें पहिलें बक्षीस मिळविलें. फॉन नॉयमन यांच्या ग्रंथापासूनच त्यांनीं प्रेरणा घेतली. त्यांच्या पुस्तकाचा खरा गुण असा कीं, त्या समोरच्याच्या चेहऱ्यापेक्षां स्वतःच्या मनाची तपासणी अधिक करतात: हरल्यावर बेभान होणें, जिंकल्यावर स्वतःस शहाणें समजणें, भिडेपोटीं पैज सोडणें. सर्वांत मोठी हूल आपण स्वतःस देतों, कीं कौशल्य असलें म्हणजे सर्व कांहीं आपल्या हातीं आहे, हा त्यांचा निष्कर्ष. पुस्तकाचा दोष असा कीं, प्रत्येक डावामागून जीवनाचा एकेक धडा येतो, आणि कांहीं वेळानें तो येणार हें वाचकास आधींच कळूं लागतें.

चेहऱ्याविषयींचा भ्रम मात्र यंत्रांनीं पुरता दूर केला. जानेवारी २०१७ मध्यें पिट्सबर्ग येथें कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या टुओमास सँडहोम व नोम ब्राउन यांनीं रचलेल्या लिब्राटस नांवाच्या संगणकप्रणालीनें चार व्यावसायिक खेळाडूंशीं वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळले आणि चौघांनाही मागें टाकलें. तिला चेहरा नाहीं, धैर्य नाहीं, खोटें बोलण्याचा हेतुही नाहीं. तरी ती सर्रास हुली देत होती, कारण प्रमाणाचा हिशेब तसें सांगत होता. फॉन नॉयमन यांनीं कागदावर मांडलेलें सत्य येथें डोळ्यांपुढें उभें राहिलें. हूल हा मनाचा दुर्गुण नाहीं आणि शौर्यही नाहीं. झांकलेल्या पानांच्या खेळाचा तो अपरिहार्य भाग आहे.

कोणी म्हणेल, मग व्यवहारांतही हूल निर्दोष मानावी काय? या वाङ्मयावर आमचा मुख्य आक्षेप येथेंच आहे. यार्डलींपासून कोनिकोव्हांपर्यंत बहुतेकांना टेबलावरचें शहाणपण उचलून व्यापारांत, राजकारणांत, संसारांत नेण्याचा मोह होतो. टेबलावर पानें झांकलेलीं आहेत हें सर्वांस ठाऊक असतें, पैज किती लागणार हें ज्याच्या त्याच्या हातीं असतें, आणि खेळावयाचें कीं नाहीं हें आधीं प्रत्येकानें ठरविलेलें असतें. या तीन अटी बाहेर क्वचितच आढळतात. ज्याला आपण डावांत बसलों आहों हेंच माहीत नाहीं, त्यास दिलेली हूल ही हूल राहत नाहीं. ती फसवणूक होते, आणि तिचें नातें शकुनीच्या फांशांशीं जुळतें. २०२५ सालीं भारताच्या संसदेनें संगणकाद्वारें पैशानें खेळल्या जाणाऱ्या खेळांस बंदी करणारा कायदा संमत केला. त्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु सम संमतीनें खेळणें आणि अजाणत्यास खेळांत ओढणें यांतील भेद ध्यानांत आल्यावांचून तशी चर्चा नीट होणार नाहीं, एवढें म्हणणें भाग आहे.

तात्पर्य, वाचनाच्या आनंदासाठीं यार्डली, आत्मपरीक्षणासाठीं कोनिकोव्हा, अभ्यासासाठीं स्क्लान्स्की. परंतु ज्याला या विषयाचें मर्म हवें असेल त्यानें फॉन नॉयमन यांचा तो नऊ भागांचा हिशेब ध्यानीं ठेवावा. हुलीला जें बळ आहे तें तिचें स्वतःचें नव्हे. तिच्या आगेमागें उभ्या असलेल्या दोन खऱ्या पैजांकडून तें उसनें आलेलें असतें. ज्याच्या पैजा बहुतांशीं खऱ्या निघतात त्याचीच हूल मानली जाते, आणि ज्याच्या पैजा खऱ्या नसतात त्याच्याजवळ उसनें घेण्यासारखेंही कांहीं उरत नाहीं.